पंच्याऐंशी ते पंच्याण्णव

गडचिरोलीत राहून ‘माझी गाडी थरथरते’ असं चारचौघांत सांगायला अंगात थोडा निलाजरेपणा लागतो. ऐकणारा आधी विचारतो, ‘‘कुठून आले जी?’’ तुम्ही आलापल्लीहून म्हणालात की तो चहा मागवतो आणि विषय संपतो. सुरजागडचं लोहखनिज वाहणारे ट्रक ज्या रस्त्यानं धावतात, त्या रस्त्यावर न थरथरणाऱ्या गाडीकडेच लोक संशयानं पाहतात. काहीतरी जाम झालं असणार.

माझं दुखणं उलटं होतं. खराब रस्त्यावर माझी गाडी चारचौघींसारखीच हलायची, त्याबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. ती थरथरायची चांगल्या रस्त्यावर. काटा ८५ वर गेला की स्टिअरिंगमध्ये बारीक मुंग्या सुटायच्या, ९० ला त्या मनगटातून कोपरापर्यंत चढायच्या, आरशात मागचा एक ट्रक दोन दिसायचा, आणि ९५ ओलांडलं की सगळं शांत. बरं, हेही रोज नाही. काही दिवस थरथर, काही दिवस काहीच नाही. रोज असती तर सवय झाली असती. आपण इतक्या गोष्टींची सवय करून घेतो, तिथं एक स्टिअरिंग काय.

आता मुळात ९० चा वेग गाठणं ही आमच्याकडे स्वतंत्र मोहीम आहे. गाव आलं की गतिरोधक, गतिरोधक संपला की शेळ्या. पावसाळ्यात सगळी गुरं कोरडी जागा म्हणून डांबरावर येऊन बसतात आणि हॉर्न वाजवला की आपल्याकडे अशी बघतात की आपणच गाडी बंद करून क्षमा मागावी. मूल ओलांडून चंद्रपूरकडे निघालं की जंगल लागतं. तिथं वाघ दिसण्याची आशा आणि वाघ दिसण्याची भीती यांची वजाबाकी करून जो वेग उरतो तो चाळीस. २०२१ च्या ऑक्टोबरात छत्तीसगडातून रानटी हत्ती जिल्ह्यात उतरले, तेव्हापासून काही रस्त्यांवर रात्री किती वेगानं जायचं हे हत्ती ठरवतात. म्हणजे थरथर तपासायला उरलं काय, तर वैनगंगेचा पूल ओलांडल्यावर व्याहाडच्या पुढचा थोडा सरळ रस्ता, नाहीतर थेट नागपूरच्या वाटेवर उमरेडनंतरचा चौपदरी. आजार घरी, आणि तो दाखवायची जागा परजिल्ह्यात.

पहिल्यांदा गाडी आमच्या मिस्त्रीकडे नेली. हा माणूस आवाजावरून रोग ओळखतो अशी त्याची ख्याती आहे, आणि ती त्यानं स्वतःच पसरवलेली आहे.

‘‘कवा थरथरते जी सर?’’

‘‘नव्वदला.’’

‘‘नव्वद?’’ त्यानं पाना खाली ठेवला. ‘‘कोणत्या रोडनं गेलते?’’

गाडीचा दोष बाजूलाच राहिला. त्याला रस्ता कळून घ्यायचा होता.

गाडीखाली शिरायचं म्हणजे डोळ्यांत माती पडते, म्हणून त्यानं आधी पोट्ट्याला हाक मारली. पोट्ट्यानं प्रेशरच्या पाण्यानं गाडी खालून-वरून धुऊन काढली. मग मिस्त्री स्वतः स्टिअरिंगवर बसला आणि आम्ही व्याहाडपर्यंत गेलो. ८५, ९०, ९२. तपासणीच्या दिवशी शाळा जशी वागते तशी गाडी वागली.

‘‘आली का?’’

‘‘नाही.’’

‘‘आता?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग तुमी एकटे असता तवाच येते का?’’ त्यानं हे इतक्या हळुवारपणे विचारलं की मला काही क्षण माझीच शंका आली. परत आल्यावर त्यानं इंजिनाचं माउंटिंग बदललं. मिस्त्रीला काही सापडलं नाही की माउंटिंग सापडतं.

पुढचे काही दिवस गाडी गुणी होती. मी माउंटिंगचं चार ठिकाणी कौतुक केलं. रविवारी शेतावर जाऊन आलो आणि सोमवारी उमरेडच्या पुढं मुंग्या परत आल्या.

शेताचं सांगायला हवं. सावलीजवळ आमची थोडी धानाची शेती आहे. जुलै-ऑगस्टात रोवणा चालतो, त्या दिवसांत दर रविवारी मी देखरेखीला जातो. देखरेख म्हणजे धुऱ्यावर छत्री घेऊन उभं राहायचं आणि रोवणाऱ्या बायांनी ‘‘सर, जरा बाजूले व्हा जी’’ म्हटलं की दुसऱ्या धुऱ्यावर जायचं. ट्रॅक्टरनं चिखलणी करून करून पांदणीचीसुद्धा बांधी झालेली असते. त्यातून गाडी आत नेऊन बाहेर काढणं हे त्या दिवसांत मी केलेलं एकमेव शेतकाम.

असो. थरथर परत आल्याची बातमी फुटली आणि सल्लागार जमू लागले. आपल्याकडे आजारी माणसाला जितके सल्ले मिळतात त्याच्या दुप्पट आजारी गाडीला मिळतात, कारण गाडी औषध घेणार नाही असं म्हणत नाही. शिवाय प्रत्येक जण आपापल्या धंद्याच्या चष्म्यातून बघतो. डॉक्टर मित्रानं गाडीकडे ढुंकूनही न बघता मला दोन्ही हात पुढं करायला लावले, बोटं पसरायला सांगितली, त्यांवर एक कागद ठेवला आणि थायरॉइड तपासून घे म्हणाला. रिपोर्ट नॉर्मल आला. मला थोडं वाईटच वाटलं. निदान काहीतरी सापडलं असतं.

आमचा शेजारी वडशाच्या एका नाटक कंपनीची गाडी चालवतो. झाडीपट्टीच्या नाटकांचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो, त्यामुळे पावसाळाभर त्याच्याकडे अनुभव असतो आणि तो खर्च करायला गाडी नसते.

‘‘आमच्या गाडीत पडदे, पेटी, तबला, हिरो, व्हिलन अन् लावणीवाली बसली ना सर, का ते गाडी जागची हालत नाही,’’ तो म्हणाला. ‘‘तुमची गाडी रिकामी हाय, म्हणून नाचून राह्यली.’’

त्यानं दोन पोती धान माझ्या डिक्कीत टाकलं. गाडीचं नाक वर आणि बूड खाली झालं, समोरचे ट्रकवाले दिवसाढवळ्या मला दिवे खाली घ्यायच्या खुणा करू लागले, आणि प्रत्येक गतिरोधकावर पोटाला ओरखडा निघू लागला. थरथर मात्र होती तिथंच होती. एक पोतं फाटून धान मागच्या सीटखाली सांडलं. त्यापायी गाडीत जो उंदीर राहायला आला, त्याच्यावर वेगळा लेख लिहावा लागेल.

मग चंद्रपूरहून साडूभाऊ आले. साडूभाऊ तिथल्या महाऔष्णिक वीज केंद्रातून निवृत्त झालेले. २९२० मेगावॅटचं ते केंद्र आपण सोडलं तेव्हापासून कसंबसं चाललं आहे अशी त्यांची समजूत आहे.

‘‘आमचं टर्बाइन मिनिटाला तीन हजार फेरे घेतं,’’ ते म्हणाले, ‘‘आणि त्याचं व्हायब्रेशन आम्ही मायक्रॉनमध्ये मोजतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तुमच्या या खटाऱ्याचं काय घेऊन बसलात?’’

त्यांनी डॅशबोर्डवर स्टीलचा पेला भरून ठेवला. पाण्यावर कसे तरंग उठतात त्यावरून कोणतं चाक ते कळणार होतं. पहिला गतिरोधक आला आणि पेला माझ्या बायकोच्या मांडीवर गेला. ती नुकतीच डुलकी काढत होती. यानंतर गाडीत काही काळ जे व्हायब्रेशन होतं ते मायक्रॉनमध्ये मोजण्यासारखं नव्हतं.

साडूभाऊ हार मानणारे नव्हते. त्यांनी मोबाइलवर कंपनं मोजायचं ॲप घेतलं, फोन मांडीवर ठेवला आणि आलेख पाहू लागले. ‘‘सापडली! सेकंदाला चार. एकदम नियमित.’’ मी गाडी बाजूला घेऊन थांबवली. इंजिन बंद केलं. आलेख चालूच होता, सेकंदाला चार. साडूभाऊंना बसल्याजागी पाय हलवायची सवय आहे. बायकोनं ते शांतपणे निदर्शनास आणून दिलं. आलेख तिथंच थांबला आणि साडूभाऊंची दुपारची बसही लवकर निघाली.

कारण कळून घ्यायला मी भौतिकशास्त्राच्या प्राध्यापक मित्राकडे गेलो. त्यानं पाठकोऱ्या कागदावर चाक काढलं. ‘‘नव्वदच्या वेगात तुझं चाक सेकंदाला तेरा-चौदा वेळा फिरतं. रिमच्या कडेला नुसते वीस ग्रॅम एका बाजूला जास्त असले ना, तर ते वीस ग्रॅम अडीच किलोहून जास्त जोरानं चाकाला बाहेर ओढतात. सेकंदाला तेरा वेळा वर, तेरा वेळा खाली. आणि वेग दुप्पट झाला की ओढ चौपट.’’

‘‘मग शंभरला ती जाते कशी? वाढायला हवी.’’

या प्रश्नावर तो फार खूश झाला. चाकाला आणि स्प्रिंगला मिळून स्वतःचा एक ठोका असतो. चाकाच्या फेऱ्यांचा ठोका त्याच्याशी जुळला की गाडी शहारते, पुढं सरकला की ओढ असूनही आपल्याला जाणवत नाही. आणि दोन्ही चाकांत असा दोष असेल तर आणखी मजा. वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर चालतं, म्हणून प्रत्येक वळणानंतर दोघांची जुळणी बदलते. म्हणून कधी जास्त थरथर, कधी कमी. मी भारावून ऐकत होतो. इतकं सुंदर काहीतरी माझ्या गाडीत चालू होतं आणि मी त्याला खराबी म्हणत होतो.

‘‘मग आता करू काय?’’

‘‘ते मेकॅनिकला विचार,’’ तो म्हणाला आणि कागदाची घडी करून खिशात ठेवली. उद्या वर्गात शिकवायला.

टायरवाल्याकडे गेलो. मधल्या काळात सगळ्या गल्लीला माझी गाडी माहीत झाली होती, त्यामुळे व्हील बॅलन्सिंगला प्रेक्षक होते. डावं चाक मशीनवर चढलं, फिरलं, थांबलं आणि लाल आकडा उमटला, ६५.

‘‘अबे बाप्पा!’’ टायरवाला म्हणाला. ‘‘पासष्ट ग्राम! एवढं आतापर्यंत नाही पाह्यलं.’’ मागून एकानं मान वाकवून आकडा वाचला आणि दुसऱ्याला सांगितला. मला उगाचच अभिमान वाटला. त्यानं शिशाच्या पट्ट्यांची रांगच्या रांग रिमला चिकटवली. शून्य आल्याशिवाय चाक खाली उतरवलं नाही. इतक्या मन लावून केलेल्या कामाला मी दाद दिली, पैसेही दिले, आणि गाडी खरोखरच लोण्यासारखी चालू लागली.

मग झड लागली. दोन दिवस, दोन रात्री पाऊस. उघडल्यावर नागपूरला निघालो, तर थरथर अशी की ९० ला स्टिअरिंगबरोबर माझे गालही हलत होते.

इथं बायकोबद्दल एक गोष्ट लक्षात आली होती, ती सांगून ठेवतो. गाडी चांगली असायची तेव्हा ती खिडकीवरचं हँडल घट्ट धरून डोळे रस्त्यावर लावून बसायची. थरथरीच्या दिवसांत मी नाइलाजानं ८० च्या आत चालवायचो, तेव्हा ती आरमोरीलाच झोपून जायची आणि नागपुरात उठायची. तिचं निदान पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं: ‘‘ऐंशीनं गेलं की येत नाही ना? मग झालं तर.’’ इतक्या सोप्या इलाजावर कोणाचाच विश्वास बसत नाही. त्यात कोणी पैसे घेत नाही ना.

शेवटी नागपूरचं मोठं सर्व्हिस सेंटर. काचेचा दरवाजा, थंड हवा, मोफत कॉफी. टॅब घेतलेल्या मुलानं विचारलं, ‘‘सर, एक ते दहामध्ये व्हायब्रेशन किती?’’ मी सात म्हणालो. मग वाटलं, सातात गांभीर्य नाही, आठ करा. त्यानं आठ केलं. आमच्याकडे तक्रार कोणतीही असो, वॉशिंग, अलाइनमेंट, बॅलन्सिंग हे पॅकेज आधी घ्यावंच लागतं, असं तो म्हणाला. गाडी आंघोळ करून, जुन्या शिशाच्या पट्ट्या काढून, नव्या मोजून चिकटवून बाहेर आली. मग ट्रायल. नागपुरात त्या वेळी वाहनांची जी गर्दी होती तीत आमची ट्रायल ३५ च्या वेगानं झाली.

‘‘सर, नॉट ऑब्झर्व्ह्ड,’’ मुलानं टॅबवर लिहिलं.

‘‘अहो, नव्वदला येते ती.’’

‘‘सर, ट्रायल इथल्या इथंच असते. तुम्ही समृद्धीवर बघून घ्या ना.’’

गेलो. थरथर मिळवण्यासाठी टोल भरणारा त्या रस्त्यावरचा मी बहुधा पहिलाच. समृद्धी महामार्ग नागपूर ते शिर्डी असा ५२० किलोमीटर डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाला आणि जून २०२५ मध्ये उरलेला भाग जोडून ७०१ किलोमीटरचा पूर्ण झाला. सपाट भागात कारला १२० पर्यंत मुभा. न शेळी, न गतिरोधक, न हत्ती. शिवमडक्याला रस्त्यावर लागलो आणि काटा ८५ वर आणला. काही नाही. ९०. काही नाही. ९५ वरून पुन्हा ८५, पुन्हा ९०. मागचे लोक माझ्याकडे बघत पुढं जात होते. हँडल धरून बसलेली बायको म्हणाली, ‘‘असंच शोधत राहिलात तर शिर्डी येईल. दर्शन तरी होईल.’’ वर्ध्याच्या पुढं कुठंतरी मी हात टेकले. दुरुस्त गाडी घेऊन इतक्या खिन्न मनानं परतणारा माणूस टोलवाल्यानंही पाहिला नसेल.

घरी आलो. रविवारी रोवण्याचं शेवटचं काम होतं, शेतावर गेलो. सोमवारी थरथर.

आता मी कोणाकडे जाणार नव्हतो. पण त्याच आठवड्यात व्याहाडजवळ चाक पंक्चर झालं. पंक्चरवाल्याचं दुकान म्हणजे चार बल्ल्या, एक ताडपत्री आणि एक कॉम्प्रेसर. त्याच्याकडे ना मशीन ना टॅब, आणि पाणी फक्त टायर बुडवायच्या घमेल्यात. चाक काढून त्यानं उताणं टाकलं, आतल्या बाजूला पाहिलं आणि मला हाक मारली.

‘‘सर, हे काय जी?’’

रिमच्या आतल्या बाजूला, एका अंगाला, आमच्या बांधीचा चिखल वाळून दगड झाला होता. चांगला हातभर लांब आणि दोन बोटं जाड. त्यातून धानाचं एक रोपही डोकावत होतं, हिरवंगार, शेतातल्यापेक्षा बरं.

‘‘यातच रोवणा केला असता तं चालला असता,’’ पंक्चरवाला म्हणाला आणि टॉमीनं ठोकून ढेकूळ पाडलं. शेजारच्या किराण्याच्या काट्यावर ते मी मुद्दाम ठेवून पाहिलं. पाव किलोला थोडं कमी. प्राध्यापकाला फोन लावला. सगळं एकाच बाजूला धरलं तर नव्वदच्या वेगात पंचवीस किलोच्या वर ओढ, त्यानं हिशेब सांगितला आणि म्हणाला, ‘‘मी तुला हेच सांगत होतो. असमतोल वस्तुमान. चिखल हा फक्त तपशील आहे.’’

तिथंच बसून मला एकेक उलगडत गेलं. मिस्त्रीनं आधी गाडी धुतली आणि मग दोष शोधला. टायरवाल्यानं गाडी धुतली नाही, त्यानं माझ्या शेताची माती जमेस धरून पलीकडे पासष्ट ग्रॅम शिसं लावलं, इतकं चोख की शून्य आलं. मग झडीनं माती वाहून नेली आणि शिसं एकटंच उलट्या बाजूला ओढत बसलं. नागपूरकरांनी पुन्हा आंघोळ घालून पुन्हा वजनं मोजली, म्हणून समृद्धीवर मला काही मिळालं नाही. कोणाच्याच कामात खोट नव्हती. प्रत्येकानं तक्रार आधी धुऊन टाकली होती, नाहीतर शिशानं झाकून टाकली होती, आणि मग ती दिसत नाही असं सांगितलं होतं.

हे कारण मी सगळ्यांना सांगितलं. कोणालाही ते आवडलं नाही. मिस्त्री म्हणाला, चिखल ठीक आहे जी, पण माउंटिंग गेलंच होतं. साडूभाऊंनी, टर्बाइनमध्ये चिखल शिरूच देत नाहीत, एवढं बोलून फोन ठेवला. शेजाऱ्यानं त्याची दोन पोती मागितली, त्यातलं दीडच परत करता आलं. डॉक्टर म्हणाला, सहा महिन्यांनी थायरॉइड पुन्हा तपास. सर्व्हिस सेंटरमधून गोड आवाजात फोन आला: ‘‘सर, तुमची तक्रार सॉल्व्ह झाली का? मग दहापैकी दहा द्याल ना?’’ मला आठची सवय झाली होती, पण दिले दहा.

गाडी आता उत्तम आहे. शेतावरून आलो की टॉमी घेऊन चाकांच्या आत ठोकतो, आणि उमरेडनंतरच्या चौपदरीवर काटा ९० च्या बराच पुढं जातो. बायको हँडल धरून बसते. परवा नागपूरला एका लग्नाला निघायचं होतं. पहाटे मी गाडी पुसत होतो तर ती दारात येऊन म्हणाली, ‘‘अहो, अजून वेळ आहे. आधी शेतावरून एक चक्कर मारून या ना.’’